कोरडेमामा

आमच्या मराठवाड्यात एखाद्याला 'कोरडा माणूस' म्हटलं की पुढं काही सांगायचं उरत नाही. कोरडा म्हणजे ज्याच्या डोळ्यांना पाणी नाही, बोलण्यात गोडवा नाही आणि दारात आलेल्याला 'बसा, पाणी घ्या' म्हणायची ज्याला बुद्धी होत नाही असा माणूस. परतूरच्या आमच्या गल्लीत असा एकजण होता आणि त्याचं नावच कोरडेमामा पडलं होतं. आडनाव कोरडे नव्हे. खरं नाव रंगनाथ, पण ते फक्त राशन कार्डावर. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना तोंडावर कोरडेमामा म्हणायचे आणि मामा खुशाल 'ओ' द्यायचे.

मीही म्हणायचे. सुरुवातीला तर दातओठ खाऊन म्हणायचे. कारण या माणसानं माझ्या घरात उभं राहून, मी ढसाढसा रडत असताना, मला सांगितलं होतं, "हे पाखरू तुम्ही मारलं, म्याडम."

ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

मी मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीची. मास्तरीण. बदली झाली ती परतूरजवळच्या एका गावातल्या शाळेवर, आणि नवऱ्याची नोकरी घनसावंगीला. ते शनिवारी संध्याकाळी जीपनं यायचे आणि सोमवारी सकाळी जायचे. मधले पाच दिवस घरात मी आणि भिंती. म्हणून मी एक लव्हबर्ड आणलं. त्याला बजरीगर म्हणतात हे मला फार पुढं कळलं. आमच्याकडं चिमणीएवढं रंगीत पाखरू दिसलं की ते लव्हबर्डच. हिरव्या पाठीचं, पिवळ्या डोक्याचं. नाव ठेवलं चिंगी. शाळेतून आले की दप्तर तपासायच्या आधी मी चिंगीला दिवसभराचं सगळं सांगायचे. ती मान वाकडी करून ऐकायची. माझं इतकं ऐकून घेणारं तोपर्यंत मला कुणी भेटलं नव्हतं, नवरा धरून.

एप्रिलातली गोष्ट. सकाळची शाळा करून बारा-साडेबाराला घरी आले. वर पत्रे, आत भट्टी. चिंगी पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, पंख अंगापासून सुटलेले, चोच उघडी. आता आपल्याला लहानपणापासून काय शिकवलेलं असतं? तहानलेल्याला पाणी पाजावं, त्याच्यासारखं पुण्य नाही. मी तिला मुठीत घट्ट धरलं, चमचा घेतला आणि चोचीत पाणी सोडलं. "पी गं बाई, पी." एक चमचा. मग आणखी एक. तिनं दोनदा अंग झटकलं आणि मान टाकली.

मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या मामी पीठ लागलेल्या हातानं धावत आल्या. त्यांच्यामागून मामा, खांद्यावर दस्ती म्हणजे मोठा रुमाल, पायात चप्पल नाही. मामांनी चिंगीला माझ्या मुठीतून काढून घेतलं, पालथं धरलं. नाकाच्या भोकातून पाण्याचा थेंब आला.

"पाजलं का?"

"हो."

"चमच्यानं?"

"दोन चमचे. तिला तहान..."

"मंग हे पाखरू तुम्ही मारलं, म्याडम. उन्हानं न्हाई मेलं. सावलीत ठिवलं असतं तर उठून बसलं असतं."

मामींनी कपाळाला हात लावला. पीठ कपाळालाही लागलं. "आवं, काय बोलून राह्यले तुम्ही! पोरगी रडून राह्यली ना!"

"रडू दे की. पुढच्या बारीला चमचा उचलताना याद राह्यलं पाहिजे," मामा म्हणाले, आणि चिंगीला माझ्या हातात देऊन निघून गेले.

दीड महिना मी त्या माणसाकडं बघितलं नाही. समोरून आले की मी रस्ता बदलायचे. गल्ली केवढी? बारा घरांची. रस्ता बदलून जाणार कुठं? मग मी मोबाइल कानाला लावून खोटंच बोलत जायचे. मामांना ते कळत होतं. एकदा शेजारून जाताना म्हणाले, "फोन उलटा हाय, म्याडम."

मामा एका जिनिंगवर कापसाचे ग्रेडर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकी काढायला कापसाच्या गाड्या जिनिंगवर येतात, आणि कापूस कसा आहे ते ठरवतो तो ग्रेडर. मामा गाडीच्या वरच्या कापसाकडं बघायचेच नाहीत. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात. ते कोपरापर्यंत हात आत घालायचे, बुडातून चिमूटभर ओढून काढायचे, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून त्याचा धागा ओढायचे आणि डोळे मिटून चोळायचे. गाडीवाला श्वास रोखून उभा. काहीजण वजन वाढावं म्हणून आतल्या थराला पाणी शिंपडून आणतात, आणि मामांच्या अंगठ्याला ते चुकत नसे. मग ते दोनच शब्द बोलायचे. "पाणी मारलंय." ना आवाज चढवणं, ना शिवी. पण ते दोन शब्द ऐकून भलेभले गाडी माघारी वळवायचे.

हे दोन शब्द मामा घरीही घेऊन यायचे. चहा पातळ झाला, पाणी मारलंय. पुढाऱ्यानं तासभर भाषण केलं, पाणी मारलंय. गल्लीतल्या एका पोरीला अठ्ठ्याण्णव टक्के पडले आणि पेढे वाटले गेले तर मामा पेढा खाऊन म्हणाले, "पेढा बराबर हाय. टक्क्याला पाणी मारलंय." एका मयतीला तर लांबची एक सून ऊर बडवून रडत होती, तिच्याकडं बघून हा माणूस माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागला, "वरच्या थराला मारलंय. आतून कोरडं हाय." नवऱ्याला हसू आवरेना. मयतीत हसला म्हणून गल्लीनं नावं ठेवली ती माझ्या नवऱ्याला, मामांना नाही.

अंगठ्याची ही खोड कुठंही सुटायची नाही. समोरच्याशी बोलता बोलता त्याच्या शर्टाची कॉलर हातात धरून चोळायचे. "साठ-चाळीस. सुती म्हणून फसवलं तुम्हाला." माझी दिवाळीची नवी साडी अशीच दारात पदर धरून त्यांनी नापास केली होती. मामींनी हातावर चापट मारली. "बाईमाणसाचा पदर धरतेत का असा!"

मामींचं नाव अनसूया. मामा जेवढे कोरडे तेवढ्या मामी ओल्याचिंब. त्यांच्या दारात कुणीही येवो, लाइटीचं रीडिंग घेणारा, चुकलेला पाहुणा, मोकाट कुत्रं, आधी पाणी. "आधी पाणी घे पोरी, मंग बोल." नको म्हटलेलं चालायचंच नाही. मामा वैतागायचे. "आवं, त्याला तहान हाय का न्हाई, इचारा तरी."

"तहान इचारायची असती का?" मामी म्हणायच्या. चाळीस वर्षं त्या दोघांचं हे एकच भांडण चालू होतं.

त्यांच्या ओसरीत जिनिंगच्या जुन्या चाळणीच्या जाळीचा मोठा पिंजरा होता. मामांनीच केलेला. त्यात सहा लव्हबर्ड. गंमत म्हणजे कापसाच्या ग्रेडरच्या पिंजऱ्यात कापूस मात्र औषधालाही नाही. कुणी पाखराला मऊ बसायला कापूस घातला की मामा भडकायचे. "कापूस माणसानं पांघरावा. पाखराच्या पायात त्याचा धागा अडकतो अन् बोट सडून जातं."

गावात कुणाचं पाखरू उडालं, अडकलं, पडलं की मामांना बोलावणं यायचं. मामा जायचे, पाखरू धरून द्यायचे, मालकाला चार शब्द सुनवायचे आणि पाणी न पिता परत यायचे. माझा राग काही कमी होत नव्हता. तो गेला एका साखरपुड्यात.

मार्केट यार्डामागच्या मंगल कार्यालयात होता तो साखरपुडा. मुलगी आमच्याच गल्लीतली, म्हणून सगळी गल्ली होती. हल्ली फोटोवाले काय सांगतील याचा नेम नाही. या फोटोवाल्यानं सांगितलं, नवरीनं हातावर पाखरू घेऊन बसायचं, नवरदेवानं त्याच्याकडं बघायचं. नवरीकडं तिचं पाळलेलं लव्हबर्ड होतं, निळं, राजा नावाचं. आणलं. हातावर घेतलं. फ्लॅशचा लखलखाट झाला आणि राजा उडाला तो थेट वर.

वर बारा पंखे गरगरत होते.

"पंखे! पंखे!" नवरी अशी किंचाळली की तिच्या आईच्या हातातलं ताट पडलं. मग जो गोंधळ उडाला! कुणी खुर्चीवर चढतंय, कुणी टॉवेल फेकतंय, पोरं टाळ्या वाजवतायत, फोटोवाला तेवढ्यातही फोटो काढतोय. राजा दोन पंख्यांच्या मधून असा गेला की माझे डोळे मिटले. मला चिंगी दिसायला लागली.

आणि माइकवर मामांचा आवाज आला. ते कधी स्टेजवर गेले कुणाला कळलंच नाही.

"सगळे खाली बसा. पंखे बंद. खिडक्या लावा, परदे ओढा. फोटोवाले, तुमचा लाइट बंद. टाळी वाजवील त्याचा कान धरीन."

मे महिना होता. नवरदेवाचे वडील उठले. "आवं, ऐन मुहूर्ताला पंखे बंद? माणसं उकडून मरतील!"

"मुहूर्त दुसरा निघंल," मामा म्हणाले. "मान दुसरी निघणार न्हाई."

पंखे थांबले. पडदे ओढले. दीडेकशे माणसं अंधारात, घामाच्या धारांत, गुमान बसून होती. कुणाला तरी शिंक आली तर शेजारणीनं त्याचं नाक धरलं. मला आजही त्या शांततेचं नवल वाटतं. आमच्या लोकांना राष्ट्रगीताला गप्प बसवताना मला शाळेत घाम फुटतो.

अंधारात पाखरू उडत नाही. राजा स्टेजच्या मागं, प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळेवर जाऊन बसला. मामांनी बूट काढले. त्याच्याकडं सरळ न बघता, तिसरीकडंच बघत, भिंतीच्या कडेनं पाऊल पाऊल सरकत गेले. तोंडानं बारीक आवाजात काहीतरी चालू होतं, "हां राजा, हां, बस. बस तसाच." आणि दस्ती अलगद त्याच्यावर टाकली. झडप नाही, घाई नाही. दस्तीसकट उचलला, मग दस्ती बाजूला केली तेव्हा राजाची मान मामांच्या दोन बोटांच्या मधे होती, पाठ तळहाताला टेकलेली आणि छाती उघडी. त्याची छाती भात्यासारखी हलत होती, आणि मामांचं एकही बोट तिला लागत नव्हतं.

हॉलमध्ये टाळ्या सुरू होणार तेवढ्यात मामांनी डोळे वटारले. एक बाई सरबताचा ग्लास घेऊन पुढं आल्या. "पाजा हो जरासं, किती घाबरलंय लेकरू."

"तुम्ही घाबरल्यात," मामा म्हणाले. "तुम्हीच प्या."

मग त्यांना खोका पाहिजे होता, अंधारा, झाकणाचा. नवरदेवाच्या नव्या बुटांचा खोका मिळाला. त्याला पेनानं भोकं पाडली, आत दस्ती अंथरली, राजाला ठेवलं. नवरी डोळे पुसत मामांच्या पाया पडायला वाकली. मामा दोन पावलं मागं सरले. "पाया नंतर पड. आधी खोका सरळ धर."

"लईच कोरडा माणूस हाय हो," नवरदेवाचे वडील घाम पुसत म्हणाले. माझ्या तोंडातून निघून गेलं, "कोरडे आहेत म्हणून तर पाखरू वाचलं!" दीड महिन्यानं मी पहिल्यांदा मामांची बाजू घेतली होती, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीत जाऊन उभी राहिले. फोन न घेता. "मामा, मला शिकवा."

मामांनी वर बघितलं. मग आत जाऊन मूठभर कापूस घेऊन आले. मला वाटलं पाखरू देतील. "हा धरा. आता सोडा." मी सोडला. कापसाचा गोळा चपटा होऊन पडला. "मेलं," मामा म्हणाले. "परत." पुन्हा धरला, पुन्हा मेलं. "तुमच्या हाताला मास्तरकी हाय, म्याडम. धरलं की दाबताच. सोडल्यावर कापूस पहिल्यासारखा फुलला तर पाखरू जिंदा हाय म्हणायचं."

पंधरा दिवस मी कापूस मारला. घरी वह्या तपासताना एका हातात कापूस असायचा. नवरा शनिवारी आला तर त्याला वाटलं माझं बोट कापलंय.

हळूहळू मामा बोलायला लागले. पाखरू छाती हलवून श्वास घेतं, छाती दाबली की नाक उघडं असूनही ते गुदमरतं. त्याच्या जिभेच्या बुडाशी बारीक भोक असतं, हवा तिथून जाते, आणि आपण ओतलेलं पाणीही तिथूनच आत जातं. "पडलेल्या पाखराला अंधार द्या, ऊब द्या, अन् एकटं सोडा. बाजूला बाटलीच्या झाकणात पाणी ठिवा. प्यायचं असंल तर ते पिईल. न्हाईच राहवलं तर वल्लं बोट चोचीच्या कडेला लावा. चोच वल्ली करा, पाजू नका." हे शेवटचं ते प्रत्येकाला सांगायचे. 'पाजू नका' म्हणणारा माणूस गावाला कोरडा वाटणार नाही तर काय?

एकदा मामा जिनिंगवर गेलेले असताना मी ओसरीत बसले होते. मामींनी अर्थातच आधी पाणी दिलं. मग स्वतःच म्हणाल्या, "तुझ्या मनात अजून हाय ना, ते तुला तसं बोलले ते?"

मी रिकामा ग्लास खाली ठेवला.

"आमची पोरगी लग्न होऊन गेली ना, तव्हा तिचं लव्हबर्ड हितंच राह्यलं. पिवळं होतं. ह्यांचा लई जीव त्याच्यावर. कामावरून आले की आधी त्याला हातावर घ्यायचे. एक दिवस ते असंच उन्हानं पडलं. ह्यांनी चमच्यानं पाजलं."

"मामांनी?"

"आपल्या हातानं. दोन दिवस जेवले न्हाईत. मंग ते मेलेलं पाखरू दस्तीत गुंडाळून जनावराच्या दवाखान्यात गेल्ते. तिथं म्हशी उभ्या, अन् हे पाखरू घेऊन लाइनीत. डॉक्टरनं चोच उघडून काडीनं ते भोक दाखवलं. घरी आले अन् मला म्हणले, अनसूये, मी मारलं." मामींनी माझा रिकामा ग्लास भरला. "तुझ्या घरात त्या दिवशी ते तुला न्हाई बोलले, पोरी. सवतालाच बोलून राह्यले होते."

मला फार लाज वाटली. आणि मामांवर एकदम जीव जडला, तो तिथंच. ते संध्याकाळी आले तेव्हा मी नुसती त्यांच्या दस्तीकडं बघत बसले.

पुढं त्यांनी मला त्यांच्या पिंजऱ्यातलं एक पिल्लू दिलं. ते एकदा उडालं, स्वयंपाकघरात फळीमागं शिरलं. गॅस चालू. मी गॅस बंद केला, खिडकी लावली, पंखा बंद, ओढणी टाकली, धरलं. मान दोन बोटांत, छाती मोकळी. तसंच धरून मामांच्या दारात गेले. मामांनी माझ्या हाताकडं निरखून बघितलं, वरून, खालून. म्हणाले, "बराबर." मला पगारवाढ मिळाली तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. तो अंगठाच गेला. जालन्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस होते. सुटी घेऊन मी मामींसोबत राहिले, कारण मामींना कागद वाचता येत नव्हते आणि मुलगी लांबून अधूनमधूनच येऊ शकत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. जेवण, पाणी, औषध, सगळं नाकातल्या नळीतून. तोंडानं एक थेंबही नाही. गिळायची ताकद गेलीय, पाणी श्वासनळीत उतरेल आणि जीव जाईल. ओठ सुकले तर कापसाचा बोळा पाण्यात बुडवून, पिळून, ओठांवरून फिरवा.

मी वहीत लिहून घेत होते आणि माझा पेन थांबला. हे मला कुणीतरी आधी शिकवलेलं होतं.

परतूरला आणलं आणि भेटायला माणसं यायला लागली. आजाऱ्याला भेटायला यायचं आणि त्याला काहीच द्यायचं नाही, हे आमच्या लोकांना जमत नाही. "तोंड बघा किती सुकलंय." "नारळपाणी तरी." "दोन चमच्यानं काय होतंय?" मामी चार दिवस सगळ्यांना हात जोडत राहिल्या. पाचव्या दिवशी दुपारी मी शाळेतून सरळ त्यांच्याकडं गेले, तर मामी मामांच्या उशाशी बसलेल्या, मांडीवर तांब्या, हातात चमचा. चमचा भरलेला. बाजूला गल्लीतल्या तीन-चार बाया.

"मामी!"

"सकाळपासून ओठ हलवून राह्यले गं," मामी माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "पाणी मागून राह्यले. चाळीस वर्सं मी दारातल्या कुत्र्याला तसं जाऊ दिलं न्हाई. अन् माझ्या माणसाला मी..."

"पाज गं अनसूया," एक म्हातारी म्हणाली. "तोंडात पाणी न्हाई पडलं तर जीव अडकून राहतो."

चमचा मामांच्या ओठाजवळ गेला होता. मी मामींचं मनगट धरलं.

"सोड, पोरी."

"नाही सोडणार."

"सोड म्हणते ना! तुझे कोन लागतेत ते?"

हे मला लागलं. खरंच, माझे कोण होते मामा? शेजारी. पण मनगट मी सोडलं नाही. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतंच. "मामी, पाजाल तर तुम्ही माराल."

ती म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "काय कोरडी बाई हाय ही!"

मामींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते पिवळं पाखरू आठवलं असणार. चमचा तांब्यात टाकला आणि तोंडाला पदर लावून अशा रडल्या की मलाही आवरेना. पण मनगट मी तांब्या दूर ठेवेपर्यंत सोडलं नाही. सांगितलंय ना, माझ्या हाताला मास्तरकी आहे.

त्या पाण्यानं मामा गेले नाहीत. पुढं नऊ दिवसांनी, झोपेत, शांतपणे गेले. मी तेव्हा टेंभुर्णीला वडिलांकडं होते, पोचू शकले नाही. म्हणून माझे मामा त्या दुपारीच थांबलेत, आणि ती दुपार अजून थोडी सांगायची राहिलीय.

बाया गेल्यावर मी कपाटातला दवाखान्याचा कापूस काढला. बोळा केला, पाण्यात बुडवला, पिळला आणि मामींच्या हातात दिला. "ओठ ओले करा, मामी." मामींनी तो मामांच्या ओठांवरून फिरवला, वर, खाली, कोपऱ्यात. मामांनी डोळे उघडले. त्यांचा डावा हात हळूहळू वर आला. आम्हाला वाटलं मामींचा हात धरायचा असेल.

त्यांनी बोळा घेतला. डाव्या अंगठ्याखाली धरला. डोळे मिटले आणि चोळायला लागले, एकदा, दोनदा. कपाळाला आठी पडली. आम्ही दोघी गाडीवाल्यासारख्या श्वास रोखून उभ्या.

जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट कळले.

"पाणी... मारलंय."

मामी रडता रडता फसकन हसल्या. त्यांनी मामांच्या हातातला बोळा काढून घेतला, पुन्हा ओठांना लावला आणि म्हणाल्या, "मारलंय की. मीच मारलंय. जा, गाडी माघारी न्हाई नेत मी."